सकळ लिपीचे कुलूप

जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्तरेस, अजिंठ्याची डोंगररांग जिथे बुलढाण्याच्या घाटमाथ्याकडे सरकत जाते, त्या बाजूच्या रानात 'जाळीचा देव' या नावाने ओळखले जाणारे महानुभाव पंथाचे एक पुरातन स्थान आहे. चक्रधरस्वामी भ्रमंती करीत या रानात आले, एका जाळीपाशी विसावले आणि जाळीतली वाघाची पिल्ले त्यांच्या अंगाखांद्याशी निर्भयपणे खेळली, अशी कथा पंथात सांगितली जाते. त्या जाळीवरूनच या स्थानाला हे नाव पडले. महानुभावांच्या इतर स्थानांप्रमाणे इथेही वंदन घडते ते जागेला: स्वामी अमुक ठिकाणी बसले, तमुक ठिकाणी निजले, एवढी नोंद आणि त्या नोंदीवर उभारलेला ओटा. अशा शेकडो ओट्यांची टिपणे 'स्थानपोथी' नावाच्या ग्रंथात पंथाने करून ठेवली आहेत, आणि ती वाचताना मनात पहिला विचार हा येतो की, ज्यांच्यापाशी राजाश्रय नव्हता, एक मध्यवर्ती मठ नव्हता, सैन्य नव्हते की खजिना नव्हता, अशा रानोमाळ हिंडणाऱ्या भिक्षुकांनी हा सारा दफ्तरखाना सातशे वर्षे सांभाळला कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास महानुभावांचा इतिहास हा एका धर्मपंथाचा इतिहास न राहता, केंद्र नसलेल्या समुदायांच्या एका चिरंतन अडचणीचा इतिहास होऊन बसतो. आपल्यातले काय झाकावे आणि काय उघडे ठेवावे, आतल्या माणसाला कोणी आणि किती आवरावे, आणि बाहेरच्या सत्तेने अशा समुदायावर कोणत्या अधिकाराने नियम लादावे, हे तीन प्रश्न आज मोबाइलच्या पडद्यावर नांदणाऱ्या समूहांच्या संदर्भात हिरिरीने चर्चिले जातात. परंतु गोदावरीच्या खोऱ्यात ते तेराव्या शतकातच उपस्थित झाले होते, आणि त्यांची जी उत्तरे तेव्हा दिली गेली त्यांचे बरेवाईट फळ पंथाने पुढे शतकानुशतके भोगले.

भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरपाळदेव हा घरदार सोडून विदर्भातील ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंपाशी आला, त्यांच्या कृपेने चक्रधर झाला, आणि पुढे १२६७ च्या सुमारास पैठणास संन्यास घेऊन लोकांना उपदेश करू लागला, हे सर्वश्रुत आहे. देवगिरीच्या यादवांचे राज्य तेव्हा वैभवाच्या शिखरावर होते. महादेवराय व त्याच्यामागून रामचंद्रराय यांच्या दरबारी हेमाद्रि हा श्रीकरणाधिप होता, आणि त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'त वर्षाच्या प्रत्येक तिथीला कोणते ना कोणते व्रत, दान वा उद्यापन नेमून दिलेले होते. अशा काळी व्रतवैकल्यांना गौण लेखणारा, स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना संन्यासाचा अधिकार देणारा, आणि ब्रह्मविद्या लोकांच्या बोलीत सांगणारा हा पुरुष राजसत्तेच्या व धर्मसत्तेच्या डोळ्यांत सलावा हे स्वाभाविकच होते. त्याच्या छळाच्या हकिकती पंथाच्या ग्रंथांत नमूद आहेत. १२७४ च्या सुमारास चक्रधर उत्तरापंथे निघून गेले, आणि त्यांच्या पाठीमागे उरले ते केवळ शिष्य व त्या शिष्यांच्या आठवणी.

या क्षणी दुसरा एखादा संप्रदाय असता तर त्याने गादी स्थापिली असती, मठाला इनाम मिळवले असते, आणि गादीवरच्या पुरुषाचा शब्द हाच धर्म ठरवून टाकला असता. चक्रधरांमागून पंथाचे आचार्य झालेल्या नागदेवाचार्यांनी, म्हणजेच भटोबासांनी, निराळा मार्ग धरला. पंथाला ते 'मार्ग' म्हणत, आणि नावाप्रमाणेच तो चालता राहिला. म्हाइंभट हा विद्वान शिष्य स्वामींच्या आठवणी एकत्र करण्यास प्रवृत्त झाला, तेव्हा आचार्यांनी आपल्या समक्ष घडलेल्या लीळा त्याला सांगितल्या. जिथे आपण हजर नव्हतो तेथील लीळा ज्यांनी पाहिल्या त्यांच्याकडे जाऊन विचारण्यास बजावले. म्हाइंभट त्याप्रमाणे गावोगाव हिंडला. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत विभागलेले 'लीळाचरित्र' हे जे मराठी गद्याचे आद्य लेणे १२७८ च्या सुमारास सिद्ध झाले, ते असे प्रत्यक्ष साक्षीदारांच्या जबान्यांवर उभे आहे. आचार्य असूनही न पाहिलेल्या गोष्टीवर आपली मोहोर न उमटवण्याचा नागदेवांचा हा संयम सामान्य नव्हे. केंद्रस्थानी बसलेल्या माणसाला स्वतःच्या अधिकाराची मर्यादा कळणे, हीच विकेंद्रित समुदायाची पहिली सनद होय.

आतल्या माणसाला आवरण्याच्या बाबतीतही त्यांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात तिचे अनेक प्रसंग आढळतात. केशिराजबास हे संस्कृतचे गाढे पंडित. त्यांनी संस्कृतात रचना आरंभिली, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवले, कारण सांगितले ते असे की, अशाने मार्गातल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. केशिराजांनीच पुढे लीळाचरित्रातील वचने निवडून 'सूत्रपाठ' सिद्ध केला आणि दृष्टांतांचाही पाठ रचला. पंडिताला घातलेला हा बांध पंडितालाही मानवला आणि मराठीलाही फळला. दुसरा प्रसंग भास्करभट्ट बोरीकरांचा. त्यांनी 'शिशुपाळवध' हे रसाळ काव्य लिहून मार्गातल्या ज्येष्ठांस ऐकवले, तेव्हा ग्रंथ चांगला उतरला, परंतु शृंगाराच्या भरामुळे तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय त्यांना मिळाला. कवीने राग धरला नाही. भागवताच्या एकादश स्कंधावर त्याने 'उद्धवगीता' रचली. विशेष हे की ज्या काव्याला हा ठपका मिळाला ते कोणी जाळले नाही, बुडवले नाही. उलट पंथाच्या मान्यवर 'साती ग्रंथां'त ते आजतागायत मानाने बसलेले आहे. अभिप्राय स्पष्ट द्यावा, पण पोथी फाडू नये, असा हा विवेक होता, आणि आजच्या भाषेत ज्याला समूहाचे नियंत्रण म्हणतात त्याचा इतका सौम्य नमुना सहजासहजी सापडणार नाही.

राजसत्तेशी पंथाचा संबंध कसा होता ते नरेंद्रकवीच्या आख्यायिकेवरून कळून येते. नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' रचून रामचंद्ररायाच्या सभेत ऐकवले. राजा इतका मोहित झाला की दर ओवीस सोन्याचे नाणे देऊन ते काव्य आपल्या नावाने प्रसिद्ध करावे अशी त्याने इच्छा व्यक्त केली. कवीने आपल्या कविकुळाला बोल लागेल म्हणून ती मागणी नाकारली, पोथी राजाकडे राहिली, आणि भावांच्या मदतीने स्मरणात साठवलेल्या सुमारे नऊशे ओव्या तेवढ्या घेऊन तो मार्गात आला. आख्यायिकेतला अलंकार वजा केला तरी त्यातला बोध राहतोच. पोथी जप्त होऊ शकते, पाठांतर जप्त होत नाही. हे ज्ञान पंथाला अगदी वेळेवर झाले असे म्हटले पाहिजे, कारण त्यानंतर लवकरच सगळ्या देशावर मोठे अरिष्ट कोसळले.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य लयास गेले. देवगिरी ते जालना ही वाट त्या काळच्या पायी प्रवासातही फार लांबची नव्हे. या साऱ्या मुलखात फौजांची जी येजा झाली तिच्यात मंदिरे, अग्रहारे आणि ग्रंथभांडारे यांची वाताहत झाली, आणि महानुभाव मंडळीही आपापले जीव व पोथ्या घेऊन डोंगरांकडे, कोकणाकडे पांगली. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, असे परंपरा सांगते. मग जे घडले ते आजच्या संगणकशास्त्रज्ञालाही विचार करावयास लावील असे आहे. एकच प्रत आणि एकच भांडार असते तर ग्रंथ तिथेच संपला असता. पण लीळा अनेकांच्या कंठात विखुरल्या होत्या. हिराइसा नावाची एक विलक्षण स्मरणशक्तीची साध्वी होती, तिच्या पाठावरून आणि इतरांनी आपापल्या आठवणींतून सांगितलेल्या पाठांवरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. संस्कृताच्या आग्रहापायी ज्या बाया ज्ञानाला मुकतील म्हणून आचार्यांना काळजी वाटली होती, त्यांच्यातल्याच एकीने अखेर ज्ञान राखले, हा या इतिहासातला सर्वांत समाधानाचा योग होय.

परंतु विखुरलेल्या स्मृतीला विखुरलेपणाची किंमतही द्यावी लागते. एकाच लीळेचे दोन-दोन, तीन-तीन पाठ निर्माण झाले. कोणाच्या पाठात एक वाक्य अधिक, कोणाच्या पाठात स्थळाचे नाव निराळे. ते सर्व एका साच्यात कोंबण्याऐवजी पंथाने पुष्कळदा पाठांतरे शेजारी शेजारी नोंदवून ठेवली, अमुक परंपरा असे सांगते आणि तमुक असे, एवढे म्हणून पुढचे काम वाचणाऱ्याच्या विवेकावर सोपवले. कालांतराने आचार्यपरंपराही फुटून आम्नाय वेगळे झाले. उपाध्ये, कवीश्वर, पारमांडल्य आदी आम्नायांची संख्या परंपरेने तेरा सांगितली जाते. आचाराच्या तपशिलात त्यांची मते भिन्न असत, प्रत्येकाचे महंत स्वतंत्र असत. तरीही पाच कृष्णांची उपासना, सूत्रपाठाचे प्रामाण्य आणि 'दंडवत प्रणाम' हे अभिवादन सर्वांना समान राहिले. घरे वेगळी झाली, पण कुळाचार तोच राहिला.

अशा या अस्थिर काळात, चौदाव्या शतकाच्या मध्यास, 'सह्याद्रिवर्णन' लिहिणाऱ्या रवळोबासांनी सकळ लिपी निर्माण केली असे पंथीय मानतात. भाषा मराठीच, पण नित्याच्या अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा एखादे अनोळखी चिन्ह घालावयाचे, अशी योजना. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंक, सुभद्रा, वज्र अशा नावांच्या विसांहून अधिक सांकेतिक लिप्या पंथात प्रचारात आल्या, आणि त्यांतली सकळ ही सर्वाधिक रूढ झाली. नाव सकळ आणि वाचणारे मोजके, हा विरोधाभास कोणाच्याही ध्यानी यावा. ज्या मार्गाने संस्कृताचे कुलूप नाकारून ब्रह्मविद्या मराठीत आणली, त्यानेच दोन पिढ्यांनंतर मराठीला कुलूप घातले.

हे कुलूप कशासाठी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परचक्रात पोथी हाती लागली तरी शत्रूला तिचा अर्थ लागू नये, हे एक कारण सांगितले जाते. वैदिकांच्या विरोधापासून शास्त्राचे रक्षण व्हावे, हे दुसरे. आणि ब्रह्मविद्या अधिकार पाहूनच द्यावी, अनधिकाऱ्याच्या हाती पडून तिची विटंबना होऊ नये, हे तिसरे. तिन्ही कारणांत तथ्य असावे. मात्र लिपीच्या बळावरच हे रहस्य टिकले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अक्षरास अक्षर बदलून लिहिलेला मजकूर कसा उलगडावा, कोणते अक्षर भाषेत किती वेळा येते हे मोजून मूळ अक्षर कसे ओळखावे, हे बगदादेत अल्-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवले होते. म्हणजे खरे कुलूप लिपीचे नव्हते, ते माणसांचे होते.

त्याची कल्पना यावी म्हणून एखादी सकळ पोथी लिहिली जात असल्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मांडी घालून बसलेला तपस्वी, पुढे गुरूची जुनी प्रत, हातात बोरू, दौतीत काजळाची शाई. शब्दांमध्ये अंतर न सोडता सलग ओळ लिहिण्याची तेव्हाची पद्धत, त्यामुळे एक चिन्ह चुकले की पुढचा शब्द मागच्याला चिकटून तिसराच अर्थ उभा राहायचा. म्हणून लिहून झालेला भाग गुरूंना वाचून दाखवणे प्राप्त होते. गुरूने वाचन ऐकावे, चूक दाखवावी, त्याच वेळी त्या लीळेचे निरूपणही करावे. अशा रीतीने लिपीची किल्ली स्वतंत्रपणे कोणाच्याही हाती पडत नसे. ती उपदेशाबरोबर, सहवासाबरोबर आणि आचाराच्या कसोटीबरोबर मिळत असे. ज्याला वाचता येई त्याच्या वर्तनाचा जामीन कोणीतरी झालेला असे. गोपनीयता आणि जबाबदारी या दोन गोष्टींची अशी सांगड घातली गेली होती.

या व्यवस्थेचे सामर्थ्य विस्मयकारक ठरले. जालन्याच्या परिसरावर यादवांमागून सुलतान आले, बहमनी आली, निजामशाही आली, मोगल आले. अठराव्या शतकात मराठे व निजाम यांच्यात हा मुलूख पुनःपुन्हा हस्तांतरित झाला. आणि जाळीच्या देवापासून फार दूर नसलेल्या असईच्या रणात, केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. प्रत्येक अमदानीत नवे अंमलदार, नवा वसूल, नवी दफ्तरे. इतक्या राज्यक्रांतींत मार्ग मात्र चालतच होता. तो पंजाबात गेला आणि तिथे जयकृष्णी म्हणून ओळखला जाऊ लागला, त्याचे अनुयायी पार काबूलपर्यंत पोहोचले, आणि गोदातीरची मराठी वचने सिंधूपलीकडे वाचली जाऊ लागली. मध्यवर्ती गादी नव्हती म्हणून ती उलथून टाकणे कोणालाही शक्य झाले नाही.

इथवरचा वृत्तांत गौरवाचा आहे. यापुढचा तितकासा नाही. जे वाचता येत नाही त्याविषयी समाज कल्पना करू लागतो, आणि समाजाची कल्पना क्वचितच उदार असते. काळी वस्त्रे नेसणारे, गावात फार काळ न टिकणारे, देवळातल्या देवापुढे न वाकणारे आणि न कळणाऱ्या अक्षरांत पोथ्या लिहिणारे हे लोक करतात तरी काय, या कुतूहलाचे रूपांतर हळूहळू संशयात, आणि संशयाचे निंदेत झाले. मुळातला 'महानुभाव' हा आदराचा शब्द लोकांच्या तोंडी 'मानभाव' झाला. 'करणी कसाबाची आणि बोलणी मानभावाची' ही म्हण रूढ झाली, आणि 'मानभावीपणा' हा शब्द ढोंगाला पर्याय म्हणून मराठी कोशांत जाऊन बसला. एका समुदायाच्या नावाला आपल्या भाषेत अशी शिक्षा झाली, हे मराठी माणसाने थोडे लाजून आठवावे असे आहे. जादूच्या टोपीने कृष्णाचे रूप घेणाऱ्या कोणा कृष्णभट्टाने हा पंथ काढला, असली कपोलकल्पित कथाही प्रसृत झाली, आणि रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या सुप्रसिद्ध ग्रंथातही तिने जागा पटकावली.

निंदेच्या पाठोपाठ सत्ता आली. १७८२ मध्ये, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, पेशव्यांच्या नावे मानभावांविरुद्ध हुकूम निघाला. त्याचा आशय असा की या लोकांचा षड्दर्शनांशी संबंध नाही, हिंदूंनी त्यांचा उपदेश घेऊ नये, आणि घेईल त्यास जातिबाहेर करावे. या हुकमाचे स्वरूप नीट पाहावे. अमुक पोथीतले अमुक वचन धर्मबाह्य आहे, किंवा अमुक महंताने अमुक अपराध केला आहे, असे दाखवून दिलेला तो निवाडा नव्हे; पोथी वाचण्याची तसदी न घेता, वाचणाऱ्या साऱ्या समूहालाच वाळीत टाकणारी ती आज्ञा होती. ज्याच्या आत डोकावता येत नाही ते सरसकट बंद करून टाकावे, ही सत्तेची जुनी प्रवृत्ती. आणि पंथाला या आज्ञेचे खंडन करणे अवघड का गेले? खंडनासाठी जे ग्रंथ पुढे मांडावयाचे, तेच त्याने सकळ लिपीत बंद करून ठेवले होते. जे कुलूप चोराला बाहेर ठेवते ते साक्षीदारालाही बाहेरच ठेवते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही कोंडी फुटू लागली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९१० च्या सुमारास सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'च्या १९१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत महानुभाव वाङ्मयाचे दालन वाचकांसाठी उघडले, यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये या वाङ्मयाची स्वतंत्र ओळख करून दिली, ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. ज्ञानेश्वरीच्याही आधी मराठीत इतके प्रौढ, इतके सजीव गद्य लिहिले गेले होते हे पाहून महाराष्ट्र चकित झाला. मात्र हे सारे श्रेय लिपी उलगडणाऱ्या बुद्धीलाच देणे न्यायाचे नाही. बुद्धीने अक्षरे कळतात. पोथी हाती यावी लागते ती विश्वासाने. पिढ्यान्‌पिढ्या बासनात बांधलेल्या पोथ्या ज्या महंतांनी परक्या संशोधकांपुढे सोडल्या, त्यांनी आपल्या पंथाची अब्रू परत मिळवण्याचा तोच एक मार्ग आहे हे ओळखले होते, आणि ते पाऊल राजवाड्यांच्या प्रतिभेहून कमी धैर्याचे नव्हते.

उघडण्याचेही प्रश्न असतातच. डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्य वेचून संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातल्या काही लीळांवर पंथीयांनी आक्षेप घेतला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. संशोधकाच्या दृष्टीने जे पाठांतर, ते श्रद्धावंताच्या दृष्टीने प्रक्षेप किंवा अपमान. आणि जोवर पोथी मार्गात होती तोवर जो निर्णय ज्येष्ठांच्या एका सौम्य अभिप्रायाने होत असे, तो आता सरकार व कोर्ट यांच्या दारी गेला. हा पालट पाहताना भास्करभट्टाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आज मोबाइलवरच्या कित्येक सेवांतला निरोप सकळ लिपीहून कितीतरी कठीण अशा गणिती कुलुपात बंद होऊन जातो, आणि लिहिणाऱ्याने धाडलेला मजकूर वाटेतल्या कंपनीलाही वाचता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मात्र मोठ्या निरोपसेवांवर निरोपाचा मूळ कर्ता शोधून देण्याची जबाबदारी टाकली, आणि त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅपने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. एका मालकाची नव्हेत अशी समाजमाध्यमेही निघाली आहेत. २०१९ च्या नोव्हेंबरात ट्विटरवर रुष्ट झालेल्या पुष्कळ भारतीयांनी मॅस्टोडॉनची वाट धरली होती. तिथे प्रत्येक सर्व्हर हा जणू निराळा आम्नाय; नियम ज्याचे त्याचे, महंत ज्याचा त्याचा, आणि दंडवत प्रणाम तेवढा समान. आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील इंटरनेट काही तास खंडित करण्यात आले, तेव्हा अफवा पसरवणारा आणि आजारी आईची चौकशी करणारा या दोघांची तोंडे एकाच हुकमाने बंद झाली. शांतता राखण्याची सरकारची निकड खोटी होती असे म्हणण्याचा इथे हेतू नाही. परंतु वाचता येत नाही म्हणून सगळेच थांबवावयाचे, ही रीत १७८२ च्या हुकमाहून फारशी पुढे गेलेली नाही, एवढे नमूद करणे भाग आहे.

मग या सातशे वर्षांच्या अनुभवाचा निवाडा काय? महानुभावांनी पोथी झाकली यात त्यांची चूक नव्हती. ती झाकली म्हणूनच कदाचित वाचली. चूक झाली ती पोथीबरोबर आचारही झाकला जाण्यात. आपल्या मार्गात कोण कोणाला जाब विचारतो, स्त्रियांना कोणते स्थान आहे, ग्रंथाला ठपका मिळाला तरी तो जाळला का जात नाही, या ज्या गोष्टींनी पंथाची कीर्ती वाढली असती, त्याच सकळ लिपीच्या आड राहिल्या, आणि त्या रिकाम्या जागेत कृष्णभट्टाची टोपी शिरली. जो समुदाय आपला संवाद स्वतःपाशी ठेवू इच्छितो, त्याने आपली शिस्त मात्र चव्हाट्यावर मांडावी; आणि जी सत्ता त्या संवादावर नियम घालू इच्छिते, तिने समूहाला वाळीत टाकण्यापूर्वी अपराध्याचे नाव, अपराधाचे स्वरूप आणि आपल्या हुकमाची मुदत कागदावर लिहून द्यावी. कुलूप फोडण्याने अब्रू मिळत नाही आणि गावच ओसाड करण्याने बंदोबस्त होत नाही.

ज्या ऋद्धिपुरात गोविंदप्रभू नांदले तिथे आता महाराष्ट्र शासनाने मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन केले आहे, आणि एके काळी जो ग्रंथ बासनाबाहेर काढणे पाप वाटे तो तिथे कोणत्याही विद्यार्थ्याने मागावा व वाचावा असा झाला आहे. ते गद्य वाचणाऱ्याने भोकरदनच्या उत्तरेकडचा तो ओटाही एकदा पाहून यावा. त्यावर सकळ लिपीचे एक अक्षरही नाही. स्वामी इथे बसले होते एवढेच तो सांगतो, आणि ते कोणालाही कळते.